हॉलिडेला सोडले ते योग्य, कॉर्नेटला जाऊ दिले ते नाही

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सने २०२५ च्या उन्हाळ्यात संघात जे फेरबदल केले, त्यांवरून रत्नागिरीत आमचा जो वाद जूनमध्ये सुरू झाला, तो दसरा उलटला तरी मिटलेला नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या दोघांना सोडणे भाग होते, आणि संघाचे सूत्रधार ब्रॅड स्टीव्हन्स यांनी ते वेळेवर आणि धीटपणे केले. जेलन ब्राउन आणि डेरिक व्हाइट यांना हात न लावणे हा तर या उन्हाळ्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. मात्र सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, ल्यूक कॉर्नेट याला सॅन अँटोनिओच्या संघाकडे जाऊ देणे टाळता आले असते. ते टाळले गेले नाही, आणि त्याची किंमत संघाला यंदा जवळजवळ प्रत्येक सामन्यात बास्केटखाली मोजावी लागेल.

वादात आम्ही तिघे आहोत. मिरकरवाडा बंदराजवळ ज्यांचा बर्फाचा कारखाना आहे ते अण्णा, पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा, आणि मी. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. एनबीएचे अंतिम सामने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संपतात, त्यानंतर ड्राफ्ट, म्हणजे नवोदित खेळाडूंची फेऱ्यांनुसार निवड, होतो, आणि १ जुलैला आपल्या वेळेनुसार पहाटे साडेतीन वाजता करार संपलेल्या खेळाडूंशी बोलणी खुली होतात. नेमकी याच काळात, १ जून ते ३१ जुलै, आपल्याकडे मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात, बर्फाला उठाव नसतो, आणि अण्णांना एरवी कधी मिळत नाही तेवढी फुरसत असते. कबड्डी आणि क्रिकेटच्या या जिल्ह्यात बास्केटबॉलचे वेड असलेली माणसे मोजकीच, पण आहेत त्यांना पावसाळ्यात बोलायला भरपूर वेळ असतो.

पगाराचे गणित समजून घेतल्याशिवाय या वादात उतरता येत नाही, आणि आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय असल्यामुळे बहुतेकांची गल्लत इथेच होते. आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती, आणि ती रक्कम संपली की विषय संपला. एनबीएत लिलाव नाही. तिथे मर्यादा ओलांडता येते, पण ओलांडण्याची शिक्षा टप्प्याटप्प्याने कडक होत जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी पगारमर्यादा १५.४६ कोटी डॉलर आहे. १८.७९ कोटींच्या पुढे लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा पगारावरचा दंड, सुरू होतो, आणि त्यापुढे एप्रन नावाच्या कडक बंधनांच्या दोन रेषा आहेत: १९.५९ कोटींवर पहिला एप्रन आणि २०.७८ कोटींवर दुसरा. स्वतःच्या खेळाडूंशी नवा करार करताना मर्यादा ओलांडायला मुभा असते, आणि म्हणूनच जो संघ आपली माणसे घडवतो आणि टिकवतो, तोच हळूहळू या वरच्या पायऱ्यांवर जाऊन पोहोचतो.

आता बोस्टनचे आकडे पाहा. संघाचा मुख्य खेळाडू जेसन टेटमचा २०२५-२६ चा पगार ५.४१ कोटी डॉलर, ब्राउनचा ५.३१, हॉलिडेचा ३.२४, पोर्झिंगिसचा ३.०७ आणि व्हाइटचा २.८१. या पाच जणांची बेरीज १९.८४ कोटी होते. म्हणजे पाच खेळाडूंतच पहिला एप्रन पार झाला, आणि अजून नऊ-दहा जणांचे पगार धरायचे बाकी. त्यातही बोस्टनने मागची सलग तीन वर्षे टॅक्स भरलेला असल्यामुळे यंदा त्याला वारंवार टॅक्स भरणाऱ्या संघाचा दर लागू होतो. टॅक्सच्या रेषेवरच्या पहिल्या टप्प्यातच एका डॉलरमागे तीन डॉलर टॅक्स, आणि वर जावे तसा तो दर साडेपाच आणि पावणेसातपर्यंत चढतो. तोच संघ तसाच ठेवला असता, तर पगार आणि टॅक्स मिळून खर्च ५० कोटी डॉलरच्या घरात गेला असता.

अण्णांचा रोष याच आकड्यावर आहे. नव्या मालकांच्या गटाने हा संघ ६१० कोटी डॉलरना घेतला. एवढी किंमत देणाऱ्याने आल्याआल्या हात आखडता घ्यावा, हे त्यांना पटत नाही. त्यांच्या मते ज्याला खर्च झेपत नाही, त्याने एवढ्या मोठ्या गावाचा संघ घेऊच नये. मालकांच्या बाजूने बोलण्याची मला मुळीच हौस नाही. परंतु दुसऱ्या एप्रनची खरी शिक्षा पैशांत नसून खेळात आहे, आणि लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारानंतर आलेले हे नियम अण्णा विचारात घेत नाहीत, असे मला वाटते. त्या रेषेच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत, रोख रक्कम घालता येत नाही. बाहेरच्या खेळाडूला जवळजवळ किमान पगाराखेरीज काही देता येत नाही. सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड गोठते, म्हणजे ती कुणाला देता येत नाही, आणि पुढच्या चार वर्षांत आणखी दोनदा ती रेषा ओलांडली, तर ती निवड फेरीच्या अगदी शेवटी ढकलली जाते. मालक कितीही श्रीमंत असला तरी यातले एकही बंधन त्याला विकत घेऊन सोडवता येत नाही. हॉलिडे आणि पोर्झिंगिस यांचे ट्रेड दुसऱ्या एप्रनमुळेच करावे लागले, हे स्टीव्हन्स यांनी स्वतः उघडपणे मान्य केले आहे.

हे सगळे होणारच होते. फरक पडला तो टेटमच्या दुखापतीमुळे. १२ मेच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे १३ तारखेच्या सकाळी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, न्यूयॉर्कविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतला चौथा सामना चालू होता. टेटमचे ४२ गुण झाले होते, आणि मालिकेत तो प्रथमच आपल्या खऱ्या रंगात दिसत होता. चौथ्या क्वार्टरच्या शेवटाकडे एक सुटा चेंडू पकडायला तो झेपावला आणि कुणाचाही धक्का न लागता खाली कोसळला. उजव्या पायाची अकिलीस शीर तुटली होती. त्याने चेहरा हातांनी झाकला तेव्हाच, डॉक्टरांनी काही सांगण्याआधी, आम्हाला काय झाले ते कळले होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पाचवा सामना बोस्टनने १२७-१०२ असा जिंकला, आणि सहावा ११९-८१ असा हरून मालिका ४-२ ने गमावली. २०२४ चा विजेता, १८ विजेतेपदे मिळवून लेकर्सच्या पुढे गेलेला संघ, पूर्व विभागाच्या उपांत्य फेरीत बाहेर पडला.

टेटम धडधाकट असता तर आणखी एक वर्ष तो खर्च सोसून पुन्हा विजेतेपदासाठी प्रयत्न करा, असे म्हणायला जागा होती, आणि मीही तसेच म्हटले असते. तो हंगामाचा बराचसा काळ बाहेर राहणार हे ठरल्यावर मात्र ३५ वर्षांच्या हॉलिडेला तीन वर्षांत १० कोटी डॉलरहून अधिक देत राहणे, तेही जेव्हा खरा जोर लावायचा ते वर्ष येईपर्यंत तो ३६-३७ वर्षांचा झालेला असेल, हे कोणत्याच हिशेबात बसत नव्हते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो पोर्टलँडला गेला आणि त्याच्या बदल्यात अँफर्नी सायमन्स आला. मूळ सौद्यात दुसऱ्या फेरीच्या दोन निवडीही होत्या, त्या पुढे वगळल्या गेल्या. सायमन्सचा पगार २.७७ कोटी डॉलर आहे, म्हणजे फार मोठी बचत झाली असे नाही, पण त्याचा करार याच हंगामाअखेर संपतो, आणि या सौद्याचे खरे मोल तिथे आहे. पोर्झिंगिसला तीन संघांच्या सौद्यात अटलांटाकडे पाठवले, आणि बोस्टनला जॉर्ज नियांग व दुसऱ्या फेरीची एक निवड मिळाली. पोर्झिंगिसचा खेळ मला फार आवडायचा. परंतु प्लेऑफमध्ये तो आजारातून सावरलेलाच नव्हता, त्याच्या करारालाही एकच वर्ष उरले होते, आणि जो वर्षभराने जाणारच आहे त्याला आज सोडून संघ दुसऱ्या एप्रनखाली येत असेल तर ते करणेच शहाणपणाचे आहे.

हॉलिडे गेला म्हणून ज्यांना हळहळ वाटते, त्यांनी २०२३ चा उन्हाळा आठवावा. तेव्हा मार्कस स्मार्टला मेम्फिसला पाठवून पोर्झिंगिसला आणले होते. स्मार्ट हा त्या संघाचा प्राण होता, आणि तो गेला तेव्हा बोस्टनमध्ये घरातले माणूस गेल्यासारखे झाले होते. त्या पाठोपाठ माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी देऊन हॉलिडेला घेतले. एका वर्षाच्या आत ६४ विजय आणि विजेतेपद आले. ज्या धाडसाने तो संघ बांधला गेला, तेच धाडस तो सोडवताना दिसले.

आता भाच्याच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्याचे मत अण्णांच्या अगदी उलट आहे आणि त्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले. त्याचे म्हणणे असे की स्टीव्हन्स अर्ध्यावर थांबले. "मामा, मोडायचंच होतं तर नीट मोडायचं. ब्राउन आणि व्हाइटला आत्ता जो भाव आहे तो पुन्हा यायचा नाही. यंदा हरायचं, आणि २०२६ चा ड्राफ्ट गाठायचा." त्या ड्राफ्टमध्ये एजे डिबांत्सा आणि डॅरिन पीटरसन यांच्यासारखी मुले अपेक्षित आहेत, आणि डिबांत्सा तर बोस्टनच्या शेजारच्या ब्रॉक्टन गावचा. भाच्याला त्यात सॅन अँटोनिओचा १९९६-९७ चा हंगाम दिसतो. तेव्हा डेव्हिड रॉबिन्सन जखमी होता, संघाने फक्त २० सामने जिंकले, ड्राफ्टची पहिली निवड मिळाली, टिम डंकन आला, आणि दोन वर्षांत विजेतेपद.

ही गोष्ट खरी आहे, पण ती अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी बोस्टनची आहे. त्याच १९९६-९७ च्या हंगामात सेल्टिक्स १५ सामने जिंकून ६७ हरले होते, आणि हाती दोन निवडी असल्यामुळे डंकन मिळण्याची सर्वाधिक शक्यता त्यांचीच होती. चिठ्ठी निघाली ती सॅन अँटोनिओच्या नावाची. बोस्टनच्या वाट्याला तिसरी आणि सहावी निवड आली, आणि पुढची कित्येक वर्षे संघ चाचपडत राहिला. २०२५ चे नियम तर त्याहून प्रतिकूल आहेत. सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या तीन संघांना पहिल्या निवडीची प्रत्येकी १४ टक्केच संधी असते. २०२५ मध्ये सर्वांत कमी विजय मिळवलेल्या यूटाला पाचवी निवड मिळाली, आणि १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिली निवड मिळून त्यांनी कूपर फ्लॅगला घेतले. एवढ्या अनिश्चित गोष्टीसाठी ब्राउनसारखा, २०२४ च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस विकून टाकायचा, हे मला मान्य नाही.

शिवाय टेटम आणि ब्राउन बोस्टनला कसे मिळाले, हे भाच्याने लक्षात घ्यावे. दोघेही ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेले, ब्राउन २०१६ मध्ये आणि टेटम २०१७ मध्ये. पण त्या निवडी बोस्टनने स्वतः हरून मिळवलेल्या नव्हत्या. २०१३ मध्ये केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स या वय झालेल्या दोन दिग्गजांना ब्रुकलिनला दिले, त्याच्या मोबदल्यात त्या आल्या. २०१६-१७ मध्ये बोस्टन ५३ सामने जिंकून पूर्वेत पहिला होता, आणि त्याच वर्षी ब्रुकलिनच्या पराभवांमुळे ड्राफ्टचा पहिला क्रमांक त्याच्या हाती आला. तो क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्या क्रमांकावर टेटमला घेण्याची दूरदृष्टी दाखवली गेली. बोस्टनच्या अलीकडच्या इतिहासात जे काही चांगले घडले, ते चतुर सौद्यांतून घडले आहे, मुद्दाम हरून घडलेले नाही.

अण्णांनी भाच्याला दिलेले उत्तर मात्र माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा नेमके होते. ते म्हणाले, "अरे, तांडेल आजारी पडला म्हणून कोणी नौका भंगारात काढत नाही. खलाशी कमी घेतात, लांबवर जात नाहीत, पण समुद्रात जातात." नौका सहा महिने नांगरून ठेवली तर पुढच्या हंगामात चांगले खलाशी दुसऱ्याच्या नौकेवर गेलेले असतात, हे बंदरावर वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. प्रशिक्षक जो मझुला, २०२५ मध्ये सर्वोत्तम राखीव खेळाडूचा मान मिळवलेला पेटन प्रिचर्ड, व्हाइटसारखा आक्रमण आणि बचाव दोन्ही सांभाळणारा गार्ड (चेंडू पुढे नेणारा खेळाडू), यांना वर्षभर मुद्दाम हरायला लावले, तर टेटम परत येईल तेव्हा त्याला जो संघ भेटेल त्याला जिंकण्याची सवयच उरलेली नसेल.

इथवर स्टीव्हन्स यांच्याशी माझे पूर्ण मतैक्य आहे. मतभेद सुरू होतो तो उंच खेळाडूंपाशी. मागच्या हंगामात बोस्टनकडे पोर्झिंगिस, अल हॉरफर्ड आणि कॉर्नेट असे तीन विश्वासाचे मोठे खेळाडू होते. आज त्यांपैकी एकही नाही. पोर्झिंगिसचे कारण वर आलेच. हॉरफर्ड ३९ वर्षांचा आहे. दोन वेगवेगळ्या कालखंडांत त्याने या संघासाठी जे केले त्याबद्दल त्याचे ऋण मानावे तेवढे थोडे, पण सप्टेंबरच्या शेवटी त्याने गोल्डन स्टेटची वाट धरली, तेव्हा त्याला दोष देता आला नाही. उरलेली एक-दोन वर्षे विजेतेपदाच्या आशेने खेळावीत, एवढीच त्याची इच्छा असणार. कॉर्नेटची गोष्ट वेगळी आहे. त्याचे वय तिशीचे, खेळ ऐन बहरात, आणि पगार आजवर किमान पगाराच्या आसपास. सॅन अँटोनिओने त्याला चार वर्षांसाठी सुमारे ४.१ कोटी डॉलर देऊ केले, म्हणजे वर्षाला सरासरी एक कोटीच्या किंचित वर.

कॉर्नेट हा आकडेवारीत न दिसणारा खेळाडू आहे, म्हणून त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सात फुटांहून उंच असलेल्या या माणसाची एक लकब प्रसिद्ध आहे. प्रतिस्पर्ध्याने तीन गुणांच्या रेषेवरून नेम धरला की कॉर्नेट त्याच्याकडे धावत जात नाही. तो बास्केटजवळ आपल्या जागीच, दोन्ही हात सरळ वर करून उंच उडी मारतो, म्हणजे नेम धरणाऱ्याला क्षणभर रिंगच दिसत नाही. आधी हे पाहून लोक हसायचे. पण त्यात खोल विचार आहे. तो बाहेर धावत गेला असता तर बास्केटखालची जागा मोकळी पडली असती, आणि चेंडू रिंगला लागून परत आला तर तो पकडायला कोणी उरले नसते. जागा न सोडता जेवढा त्रास देता येईल तेवढा द्यायचा, हा त्याच्या खेळाचा गाभा. आक्रमणातही तसेच. तो चेंडू मागत नाही. सहकाऱ्यासाठी आडोसा करून उभा राहतो, चुकलेला चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर, आपल्याच गार्डच्या हाती थोपटून देतो, आणि संघाला दुसरी संधी मिळवून देतो. गुणफलकावर त्याच्या नावापुढे यातले काहीच येत नाही.

टेटमच्या दुखापतीनंतरचा तो पाचवा सामना आठवा. पोर्झिंगिसला धाप लागत होती, तो जेमतेम १२ मिनिटे खेळला. संघ खचलेला होता. त्या रात्री कॉर्नेटने सात ब्लॉक केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी टाकलेले सात चेंडू हवेतच अडवले, आणि व्हाइटच्या ३४ गुणांइतकाच त्या विजयात त्याचा वाटा होता. ज्याने सर्वांत कठीण रात्री संघ सावरला, त्याला सात आठवड्यांनी, बाजार उघडताच, दुसऱ्याने उचलून नेले.

मझुला यांच्या खेळाच्या पद्धतीत तर असा माणूस अधिकच लागतो. २०२४-२५ मध्ये बोस्टनने तीन गुणांचे १,४५७ बास्केट केले, आणि तो एनबीएच्या इतिहासातला विक्रम आहे. पण याच पद्धतीची दुसरी बाजू न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या सामन्यात दिसली. त्या रात्री लांबून टाकलेल्या ६० पैकी ४५ चेंडू चुकले, आणि प्लेऑफमध्ये असे कधी घडले नव्हते. पहिले दोन्ही सामने २० गुणांची आघाडी असताना हातचे गेले. एवढे नेम लांबून धरणाऱ्या संघाचे एवढेच नेम चुकणारही, हे गृहीतच धरले पाहिजे, आणि मग चुकलेला चेंडू कोण पकडतो यावर सामना ठरतो. त्या मालिकेत न्यूयॉर्कच्या मिचेल रॉबिन्सनने बोस्टनच्या बास्केटखाली घातलेला धुमाकूळ ज्यांनी पाहिला, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

भाचा म्हणतो, पैसे होते कुठे? प्रश्न रास्त आहे. जूनमधल्या दोन सौद्यांनंतरही बोस्टन टॅक्सच्या रेषेच्या वर आणि दुसऱ्या एप्रनच्या थोडेच खाली होता. त्यात एक कोटीहून अधिक पगाराचा कॉर्नेट घातला असता, तर संघ पुन्हा दुसऱ्या एप्रनपलीकडे गेला असता. पण ज्या नियांगचा पगार सुमारे ८२ लाख डॉलर होता, त्याला बोस्टनने नंतर यूटाला पाठवून तो बोजा उतरवलाच. तेच जूनच्या अखेरीस केले असते, किंवा पोर्झिंगिसच्या सौद्यात नियांगऐवजी कमी पगाराचा खेळाडू मागितला असता, तर कॉर्नेटच्या पगाराचा तीन-चतुर्थांश भाग तिथेच सुटला असता. उरलेल्या भागासाठी सॅम हाउझरच्या एक कोटीच्या कराराकडे पाहता आले असते. हाउझर चांगला नेमबाज आहे, पण नेमबाज या संघाकडे भरपूर आहेत. एवढे उंच, समजूतदार आणि निगर्वी सेंटर मात्र बाजारात सहज मिळत नाहीत.

२०२५-२६ च्या हंगामाच्या सुरुवातीला बास्केटखाली कोण आहे? पोर्तुगालचा नेमियास केटा, मिनेसोटाहून आलेला लुका गार्झा, टोरोंटोबरोबर २०१९ चे विजेतेपद अनुभवलेला क्रिस बूशे, आणि राखीव म्हणून झेवियर टिलमन. यांपैकी केटाबद्दल मला मनापासून आशा आहे. त्याचे शरीर दणकट आहे, आणि मिळालेल्या थोड्याशा मिनिटांतही त्याने मेहनत दाखवली आहे. पण आजवर तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा सेंटर होता, आणि आता त्याला क्लीव्हलँडच्या मोब्ली-ॲलन या उंच जोडीसमोर सुरुवातीपासून उभे राहायचे आहे. बूशे शिडशिडीत आहे, गार्झाला बचावात पाय हलवायला वेळ लागतो. ड्राफ्टमध्ये २८ व्या क्रमांकावर घेतलेला रेआल माद्रिदचा ह्यूगो गोन्झालेझ हा मुलगा मला फार होतकरू वाटतो, पण तो विंगवर, म्हणजे बास्केटपासून दूर, कडेने खेळणारा आहे, आणि हा प्रश्न त्याच्याने सुटणारा नाही.

या वसंतात एकट्या बोस्टनवरच ही वेळ आली नव्हती. मिलवॉकीच्या डेमियन लिलार्डची आणि इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनचीही अकिलीस शीर याच काळात तुटली, हॅलिबर्टनची तर अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात. मिलवॉकीने लिलार्डचा करारच मोडला, त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांत विभागून दरवर्षी सुमारे २.२५ कोटी डॉलर डोक्यावर घेतले, आणि त्या जागेत इंडियानाचा सेंटर माइल्स टर्नर आणला. म्हणजे मिलवॉकीने पुढची पाच वर्षे गहाण टाकली, आणि इंडियानाने टॅक्स टाळण्याच्या नादात दहा वर्षे सांभाळलेला सेंटर गमावला. या दोघांशेजारी ठेवून पाहिले तर बोस्टनचा मार्ग निश्चितच सुज्ञ दिसतो. पण कॉर्नेटच्या बाबतीत बोस्टनने केले ते छोट्या प्रमाणावर इंडियानासारखेच आहे.

नियमाबद्दलही एक बोलतो, कारण अण्णांचा राग वस्तुतः मालकावर नसून यावर असायला हवा. २०१९ पासून २०२५ पर्यंत सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले, आणि लीगला हेच हवे आहे. सर्वांना संधी मिळावी, यात वाईट काही नाही. पण टेटम, ब्राउन आणि प्रिचर्ड यांना बोस्टनने स्वतः ड्राफ्टमध्ये निवडले, वाढवले, त्यांच्या चुका सोसल्या. बाहेरून पैसे फेकून आणलेला तारा आणि घरी घडवलेला खेळाडू यांचा पगार एप्रनच्या हिशेबात एकाच मापाने धरणे अन्यायाचे आहे. स्वतः निवडलेल्या खेळाडूच्या पगाराचा निदान काही भाग त्या हिशेबातून वगळावा, असे माझे ठाम मत आहे. २०२५ च्या विजेत्या ओक्लाहोमा सिटीने आपल्या तिन्ही तरुण खेळाडूंना मोठे करार दिले आहेत. त्यांना हाच फास लवकरच लागेल, आणि तेव्हा तरी या प्रश्नाची चर्चा होईल.

बोस्टनचा पहिला सामना २२ ऑक्टोबर २०२५ ला फिलाडेल्फियाविरुद्ध आहे, म्हणजे आपल्याकडे भाऊबीजेच्या पहाटे पाच वाजता. बहीण आणि भाचा आदल्या दिवशीच येत आहेत, अण्णाही येणार आहेत, त्यामुळे वाद त्या पहाटे पुन्हा पेटेल. भाच्याचा आग्रह आहे की जानेवारीपर्यंत संघाने निम्म्याहून कमी सामने जिंकलेले असतील, तर ब्राउनला विकून मोकळे व्हावे. माझा आग्रह वेगळा आहे. ट्रेडची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ला संपते. सायमन्स सामन्यामागे एकोणीसच्या आसपास गुण करणारा २६ वर्षांचा खेळाडू आहे, पण व्हाइट आणि प्रिचर्ड असताना तिसरा बुटका गार्ड बचावात झाकता येत नाही. त्याचा संपत येणारा २.७७ कोटींचा करार ही आज बोस्टनच्या हातातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. दुसऱ्या एप्रनखाली आल्यामुळे ती वापरण्याची मोकळीक मिळाली, आणि हॉलिडे व पोर्झिंगिस यांना ज्यासाठी सोडले ते हेच. पहिल्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला पाठवतो त्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, हे खरे, पण एका चांगल्या सेंटरला तेवढी रक्कम पुरून उरते. ज्याचा करार पुढच्या हंगामापर्यंत आहे, जो रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू, घेतो आणि बास्केटपाशी पाय रोवून उभा राहतो, असा सेंटर स्टीव्हन्स यांनी त्या मुदतीआधी सायमन्सच्या बदल्यात आणावा, आणि तोवर केटाला रोज तीस मिनिटे खेळू द्यावे.